दहा पेरं थांबा की

मगदूम सर प्रश्न विचारतात आणि मग थांबतात. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. प्रश्न विचारल्यावर सगळेच थांबतात. पण तुम्ही-आम्ही थांबतो ते दम घेण्यापुरतं. मगदूम सर उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवतात आणि एकेक पेर वर चढत जातात. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन आणि तर्जनीचं एक. दहा झाल्याशिवाय ते पुढचा शब्द बोलत नाहीत. तोवर चष्म्यातून तुमच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि आपण काहीतरी गृहपाठ विसरलोय अशी भीती चाळिशी उलटलेल्या माणसालाही वाटायला लागते.

एकदा मलकापूरच्या स्टँडवर त्यांनी कंडक्टरला विचारलं, "गाडी किती वाजता सुटणार?" कंडक्टर तिकिटाचं मशीन हातावर आपटत होता, त्याचं लक्ष नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्यानं आवाज चढवून पुन्हा विचारलं असतं. सर खिडकीखाली गप उभे, अंगठा चालू. आठव्या-नवव्या पेराला कंडक्टरनं खाली बघितलं.

"काय वो पावणं, फोटो काढायला उभं ऱ्हायलाय काय?"

"न्हाय. उत्तरासाठी थांबलोय."

"मग परत इचारायचं की!"

"परत विचारलं की पहिल्याचं उत्तर मरतंय," सर म्हणाले.

कंडक्टरनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग गाडी कधी सुटणार हे सांगितलं, उशीर का झाला हे सांगितलं, आणि आपली ड्युटी साहेबांनी मुद्दाम कशी चुकीची लावली हेही सांगितलं. सरांनी वही काढून नोंद केली. ही वही त्यांच्या खिशात कायम असते.

फोनवर तर फारच पंचाईत. सर विचारतात, अंगठा चालू होतो, आणि पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाय" म्हणून फोन ठेवून देतो. एकुलता एक मुलगा पुण्याला असतो, तोसुद्धा बऱ्याचदा असाच फोन ठेवतो. सर पुन्हा लावत नाहीत. म्हणतात, "कामात असंल."

मी या शाळेत बदलून आलो त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "चव्हाण सर, तुम्ही शिक्षक का झालात?"

मी ताबडतोब म्हणालो, "मुलांची आवड आहे म्हणून."

उत्तर मिळालं तरी अंगठा थांबला नाही. चार, पाच, सहा. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "खरं सांगू काय, बारावीला मार्क बेताचे पडलेले आणि चुलत्यानं डीएडचा फॉर्म आणलेला."

"हां," सर खूश झाले. "हे धाव्या पेराचं उत्तर. पैलं उत्तर वर्गात समदेच देत्यात."

आमची शाळा शाहूवाडी तालुक्यातली, रत्नागिरीच्या रस्त्यावरून आत डोंगराकडे. पहिली ते सातवी, पाच शिक्षक, मुख्याध्यापिका मोरे बाई. मी रोज कोल्हापुरातून स्कूटरवर जा-ये करतो. मगदूम सर मूळचे शिरोळकडचे, जैन शेतकरी घरातले. आता मलकापुरात एक खोली भाड्यानं घेऊन एकटे राहतात. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. थंडीच्या दिवसांत शाळा सुटून मलकापूरला पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असतं, म्हणून ते स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसून संध्याकाळचा डबा खातात. येणारे-जाणारे बघतात. सर कोणाकडेही न बघता चावत असतात. मी स्कूटरवरून जाताना हॉर्न वाजवायचो. त्यांचा हात वर व्हायचा, मी पुढं निघून जायचो.

ही दहा पेरांची सवय आली कुठून, तर कृतिसंशोधनातून. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. शिक्षकानं आपल्याच वर्गातली एक अडचण धरायची, तिच्यावर एक उपाय करून बघायचा, आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ठेवायच्या, आणि त्यातून आपण काय शिकलो ते लिहायचं. कल्पना चांगली आहे. इतकी चांगली की आम्ही सगळे तिला हात न लावता लांबूनच नमस्कार करतो.

सरांनी मात्र हात घातला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी आपलाच तास फोनवर रेकॉर्ड केला आणि घरी जाऊन ऐकला. दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणे.

"बगा की," ते ज्याला त्याला सांगत होते, "सवाल माझा आन जवाबबी माझाच. दोन सेकंदबी थांबत न्हाय मी. पोरांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून मोकळा. म्हणजे इतकी वर्षं मी मलाच शिकवत हुतो."

मग त्यांनी दहा पेरं थांबायचा उपाय काढला. पहिला आठवडा वर्गात स्मशानशांतता होती, असं ते स्वतःच सांगतात. पोरं एकमेकांकडे बघायची, सरांना बरं वाटत नाही असं घरी सांगायची. तिसरीत श्रावणी नावाची मुलगी होती. वर्षभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. एक दिवस सरांनी हातच्याच्या वजाबाकीतलं काहीतरी विचारलं आणि नवव्या पेराला श्रावणी म्हणाली, "शेजाऱ्याकडनं दहा उसनं घ्यायचं." सर आजही ही गोष्ट सांगताना तर्जनी वर करतात. "नव्व्याला! मी आठव्याला बोललो असतो तर? तर ती सातवीपर्यंत मुकीच गेली असती."

त्या दिवसापासून माणूस बिघडला असं म्हणा, की सुधारला म्हणा. वर्षाला एक कृतिसंशोधन ठरलेलं. वर्गात झालं, मग वर्गाबाहेर सुरू झालं. खिचडीच्या रांगेत ढकलाढकली का होते, चपला दारात सुलट्या कशा राहतील, पाचवीतली मुलं परीक्षेला पेन न आणता का येतात. कोणी काही ठासून बोललं की ते विचारायचे, "नोंद हाय काय?" पोवार गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, "हल्लीच्या पोरांचं ध्यानच न्हाय." सर म्हणाले, "नोंद हाय काय?" मोरे बाई म्हणाल्या, "आज फार उकडतंय हो." सर म्हणाले, "नोंद हाय काय?" बाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी हवामान हा विषय काढला नाही.

आम्ही बाकीचे कृतिसंशोधन कसं करायचो, तेही सांगून टाकतो. कुणाकडून तरी अहवाल मिळवायचा, नाव बदलायचं, शाळेचं नाव बदलायचं, आणि पाठवून द्यायचा. तो कोणी वाचत नाही, याची खात्री असायची. मी असाच एक अहवाल पाठवला होता, गैरहजेरीवरचा. चार दिवसांनी मगदूम सर माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या हातात माझ्या अहवालाची प्रत होती. तालुक्यात जमा झालेल्या अहवालांतून ते दरवर्षी हौसेनं वाचायला आणायचे.

"चव्हाण सर, लै चांगलं ल्हिलंय. एकच विचारू काय? पान नऊवर तुम्ही म्हणताय, भरतीच्या वेळी पोरं होड्यांवर जात्यात म्हणून शाळेत येत न्हाईत. आपल्याकडं भरती कुठल्या वढ्याला येती?"

आणि अंगठा करंगळीवर ठेवला.

शिक्षकखोलीत सगळे हसायला लागले होते. मी कुठंतरी बघत होतो. दहा झाल्यावर सरांनी प्रत माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "मी कुणाला दावली न्हाय हं. पान नऊ काडून टाका." ते खरंच कुचेष्टा करायला आले नव्हते. त्यांना वाटलं होतं, एवढं मोठं लिहिलंय म्हणजे या माणसाला आवड असणार.

तेव्हापासून ते माझ्या मागं लागले. सरांच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर दोन ओळी असतात. एक, संशोधक. तिथं त्यांचं नाव. दुसरी, सहसंशोधक. जुन्या अहवालांत तिथं त्यांच्या पत्नीचं, सुनंदा वहिनींचं नाव असायचं. वहिनी शिक्षिका नव्हत्या. पण मुलांची उत्तरं मोजायच्या रेघा पेन्सिलीनं त्याच मारायच्या, आणि सगळा अहवाल पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवला जायचा. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून दुसरी ओळ रिकामी आहे. सरांना त्या ओळीवर कोणीतरी पाहिजे होतं. म्हणजे खरं तर बाकावर शेजारी बसून ऐकून घेणारं एक माणूस पाहिजे होतं. एवढीच त्यांची मागणी होती, आणि आम्ही पाचजणांत ती कोणाला झेपत नव्हती.

शिक्षकखोलीत पंख्याखाली एक मोठं टेबल आहे. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे तिथं बसतो. सरांचा बाक कोपऱ्यात खिडकीजवळ. पूर्वी तेही टेबलावर बसायचे. पण कोणी भाजीचं कौतुक केलं तरी त्यातून एखादं गृहीतक निघायचं, आणि एकेक जण डबा उचलून "जरा ऊन खातो" म्हणत बाहेर जायचा. मग एक दिवस सरच उठून कोपऱ्यात गेले. आम्हाला बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्या कोपऱ्याची एक गंमत होती. आख्ख्या शाळेत मोबाईलला रेंज मिळायची ती तिथंच, खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी. रोजची हजेरी, रोजची खिचडी, वरून मागवलेली कसली कसली माहिती, सगळं फोनवरून भरावं लागतं, आणि मोरे बाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातलेलं. त्यामुळं रोज मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन सरांच्या बाकावर बसायचो. फोन गजाला टेकवायचा, त्यावर ते गोल चक्र फिरायला लागायचं, आणि चक्र फिरेपर्यंत करायचं काय म्हणून मी जेवायचो.

सरांनी मी आल्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणायला सुरुवात केली. त्यात भाजलेल्या शेंगा आणि गुळाचे खडे. "घ्या की," म्हणायचे. मग संशोधन सुरू व्हायचं. मी "हं" म्हणायचो, "असं?" म्हणायचो, मध्येच "बरोबर आहे" म्हणायचो. माझं सगळं लक्ष त्या चक्रावर. एकदा त्यांनी विचारलं, "औंदा सहसंशोधक म्हणून तुमचं नाव टाकू काय?" आणि अंगठा करंगळीवर गेला. सहाव्या पेराला माझी माहिती वर गेली. मी "झालं, झालं, अपलोड झालं!" असं ओरडून उठलो आणि बाईंना सांगायला पळालो. परत आलो तेव्हा घंटा झाली होती.

मग दिवाळीनंतर पलीकडच्या टेकावर नवीन टॉवर उभा राहिला. रेंज शाळाभर झाली, अगदी मुतारीपर्यंत. मी डबा घेऊन पंख्याखाली परत आलो. कोणी काही म्हणालं नाही. मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्यानंतर सरांचं वागणं जरा वेगळं झालं. शेंगांच्या डब्यात एक दिवस तिळाची वडी आली. मग काकवी आली, बाटलीतून. ते डबा घेऊन टेबलापाशी येऊन उभे राहायचे, "घ्या की" म्हणायचे, आणि आम्ही घेतलं की परत कोपऱ्यात जायचे. मग त्यांचं संशोधनावरचं बोलणंच बंद झालं. "नोंद हाय काय" ऐकू येईना. पोवार गुरुजी म्हणाले, "सर सुधारले वाटतं." मग एक दिवस ते आपण होऊन विचारते झाले, "काल क्रिकेटात कोण जिंकलं?" आणि अंगठा करंगळीवर.

"काल मॅचच न्हवती सर," पोवार म्हणाले.

आम्ही हसलो. सरही हसले, जरा उशिरा.

पुढच्या आठवड्यात ते गुलाबी शर्ट घालून आले. मगदूम सर आणि गुलाबी शर्ट! ज्या माणसाला मी पांढऱ्याशिवाय बघितलं नव्हतं तो असा आला म्हटल्यावर आम्हाला दिवसभराचं काम मिळालं. "निवृत्तीच्या वर्षाला पालवी फुटली," पोवार म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तो शर्ट पुन्हा दिसला नाही.

मार्चमध्ये एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सर माझ्या स्कूटरपाशी आले. हातात कापडी पिशवी.

"मे अखेर मी मोकळा. हे शेवटचं संशोधन. हातानं ल्हिलेलं आता चालत न्हाय म्हणत्यात. टाईप करून द्याल काय?"

दहा पेरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. एका म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं काम, कोण नाही म्हणणार?

"वरची वही घ्या. खालची आपली माझी हाय," ते म्हणाले.

पिशवी हँडलला अडकवून मी कोल्हापूरला आलो. त्या रस्त्यावरचे खड्डे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, घरी पोचेपर्यंत पिशवीत वर काय आणि खाली काय याला अर्थ उरला नव्हता. दोन्ही वह्यांना एकाच तपकिरी कागदाची कव्हरं. रविवारी दुपारी जेवण करून मी कॉम्प्युटर लावला, हाताला आली ती वही उघडली आणि टाईप करायला लागलो.

समस्या: मधल्या सुट्टीत एक शिक्षक एकटा बसतो.
नमुना: एक शिक्षक.
संशोधक: तोच.
सहसंशोधक:

इथं मी थांबलो. पिशवीतून दुसरी वही काढून बघितली. तिच्यात इंग्रजी वाचनाचं काहीतरी होतं. टाईप करायची ती. ही खालची, "आपली माझी". ती तिथंच मिटून ठेवायला हवी होती. मी ठेवली नाही.

पार्श्वभूमी, असं सरांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं. "पूर्वी शाळेतील गोष्टी घरी सांगितल्या जात. घरी विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळे. चार वर्षांपासून घरी प्रश्न विचारला जात नाही. त्यामुळे मधल्या सुट्टीचे महत्त्व वाढले आहे."

मग रकाने. तारीख, उपाय, निरीक्षण.

"भाजलेल्या शेंगा व गूळ आणला. च. सर शेजारी बसले. अकरा मिनिटे."

"शेंगा व गूळ. च. सर बसले. चौदा मिनिटे. तीन वेळा बरोबर आहे म्हणाले."

"च. सर बसले. आज डबा विसरले होते. माझ्यातील अर्धी भाकरी घेतली. चांगला दिवस."

अशी पानंच्या पानं. गेल्या जूनपासून दिवाळीपर्यंत मी त्या वहीत रोज होतो. माझे हं, माझे असं, सगळे मोजून लिहिलेले. शेवटी अधोरेखित केलेलं होतं: "प्राथमिक निष्कर्ष: भाजलेल्या शेंगा परिणामकारक."

आणि पुढं, नोव्हेंबरपासून, उतरण.

"च. सर बसले नाहीत. कारण शोधणे." "शेंगा खवट असाव्यात. दुकान बदलले. परिणाम नाही." "तिळाची वडी. घेतली. बसले नाहीत." "संशोधनाविषयी बोलणे पूर्ण बंद. परिणाम नाही. त्रास झाला." "क्रिकेट. सर्व हसले. हसण्याचा अर्थ निश्चित करता येत नाही." "शर्ट. गुलाबी. जास्त हसले."

शेवटच्या पानावर फेब्रुवारीतली एकच नोंद होती. "टॉवर नोव्हेंबरात सुरू झाला. च. सर फोनसाठी बसत होते काय? त्यांना विचारावे." खाली दोन ओळी सोडून, वेगळ्या शाईत: "विचारले नाही. उत्तर आले तर काय करायचे?"

मी वही मिटली. कंडक्टरला, तालुक्याच्या साहेबांना, कोणालाही प्रश्न विचारून दहा पेरं उभा राहणारा हा माणूस, आणि मला एक प्रश्न विचारायला घाबरला होता. मला माझी लाज वाटली. त्या गुलाबी शर्टाला हसल्याची तर फारच वाटली. बायको चहाला बोलवायला आली आणि म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." ती लगेच गेली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी फोन मोरे बाईंच्या कपाटात ठेवला, डबा घेतला आणि सरळ खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसलो. पंख्याखालचे सगळे बघत होते. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गजांतून टेकाकडे बघितलं.

"टॉवर बंद पडला काय?"

"न्हाय. चालू हाय."

मी पिशवी बाकावर ठेवली. "सर, खड्ड्यांत वह्या खालवर झाल्या. मी दुसरी वाचली."

त्यांचा घास हातातच राहिला. "समदी?"

"समदी. तुम्ही विचारलं न्हाईसा, पर उत्तर देतो. मी फोनसाठीच बसत हुतो. शेंगांचा काय संबंध न्हवता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आन गुळाचा?"

"गुळाचा थोडा हुता."

"म्हणजे निष्कर्ष चुकला," सर म्हणाले. "त्या शेंगावाल्याला मी उगंच बोललो." मग त्यांनी माझ्याकडे वळून नीट बघितलं. "मग आज कशासाठी बसलाय?"

आणि अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर गेला.

मी ठरवून काही आलो नव्हतो. चार झाले, पाच झाले. माफी मागावी असं वाटलं, पण ते पहिलं उत्तर झालं असतं, वर्गात सगळेच देतात तसलं. नऊ. दहा. सर थांबले नाहीत. तर्जनीचं दुसरं पेर झालं, तिसरं झालं. तिथपर्यंत गेलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"जेवायला," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली आणि पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. आत शेंगा होत्या. नोव्हेंबरपासून रोज आणतच होते म्हणे.

मी म्हणालो, "त्या ओळीवर माझं नाव टाकतो, सहसंशोधक म्हणून."

"काम न करता?" सर एकदम जुन्या आवाजात म्हणाले. "परत भरती आणता काय डोंगराला? आदी काम, मग नाव."

"काय काम?"

"बसायचं. एप्रिल अखेरपर्यंत शाळा हाय."

मी भाकरी मोडली. वहीतलं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, घरी प्रश्न विचारला जात नाही ते. मी विचारलं, "सर, तुम्ही शाळेतलं सगळं घरी सांगायचा, तवा वहिनी काय म्हणायच्या?" आणि बाकाखाली माझा अंगठा माझ्याच करंगळीवर ठेवला. एक, दोन, तीन, चार.

"चव्हाण सर," ते खाली न बघताच म्हणाले, "अंगठा लै पळतोय. दमानं."

मी पहिल्यापासून सुरू केलं. आठव्याला सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"ती मेथी निवडत बसायची," ते म्हणाले. "मी आपला समोर बसून पूर्वचाचणी सांगायचो, समदी, पोरांच्या नावांसकट. ती मान वर करायची न्हाय. मला वाटायचं, ऐकत न्हाय. आन मग एकदम मधीच म्हणायची, त्या श्रावणीला परत विचारलंसा काय..."

घंटा झाली. पोवार गुरुजींनी डबा मिटला, मोरे बाई खुर्चीतून उठल्या आणि आमच्याकडे बघून परत बसल्या. सरांच्या गोष्टीतली मेथीची जुडी अजून अर्धीसुद्धा निवडून झाली नव्हती. माझा वर्ग त्या दिवशी पटांगणात पंधरा मिनिटं जास्त खेळला.